स्वच्छ प्रत

४ मार्च, शनिवार

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. पाकिटावरचे अक्षर माझे नाही. माझे अक्षर दिसताच तू पाकीट न फोडता परत धाडशील, या भीतीने पत्ता मी आमच्या नर्सबाईंकडून लिहवून घेतला. एवढे कपट पहिल्याच ओळीत कबूल करते. पत्ता तुझ्या मुलाने दिला. त्याला रागावू नकोस. फोनवर म्हातारी मावशी रडू लागेल, या धास्तीनेच त्याने तो सांगून टाकला असावा.

अडतीस वर्षांनी लिहिते आहे, तर काहीतरी घडले असणार असे तुला वाटेल. तसे काही घडलेले नाही.

गेल्या वर्षीच्या पुरात माझ्या दोन्ही खोल्या गेल्या. बाबांची पोथी माळ्यावर होती, म्हणून तेवढी वाचली. आता मी मदतसंस्थेने उभारलेल्या पत्र्याच्या वसाहतीत राहते. इथे एक लांबट शेड आहे. तिथे वीस बाया हातपंप उकलायला, वॉशर बदलायला आणि दांडा पुन्हा बसवायला शिकतात. सहा महिन्यांचे शिक्षण आहे. शेवटी त्यांतल्या बाराजणींना अवजारांची पेटी आणि पगारी काम मिळायचे आहे. पंपाची नोंदवही त्यांना लिहिता यावी, म्हणून रोज सकाळी तासभर मी त्यांना अक्षरे शिकवते. ग्रीसने काळे झालेले अंगठे पाटीवर उमटतात. आधी मला त्याची किळस वाटे, आता वाटत नाही.

शेडच्या दाराशी एक हिरवी पेटी आहे. इथल्या कोणी माणसाने कोणा बाईला त्रास दिला, मदतीच्या किंवा कामाच्या बदल्यात नको ते मागितले, तर तिने नाव न घालता चिठ्ठी टाकायची. पेटीला दोन कुलपे आहेत. एक किल्ली नर्सबाईंकडे आहे. दुसरी माझ्याकडे, कारण मी वयाने मोठी आणि जिभेने आवरलेली. नियम अगदी थोडक्यात आहे. कागद जसा असेल तसा त्याच दिवशी लिफाफ्यात घालून मुख्य कार्यालयाकडे पाठवायचा. कोणी लिहिला हे शोधायचे नाही. ज्याच्याविषयी लिहिला त्याला विचारायचे नाही.

आज पेटी उघडली. चार महिन्यांत पहिल्यांदाच एक चिठ्ठी निघाली. नर्सबाईंना तेवढ्यात दवाखान्यातून हाक आली. "माई, तुम्हीच लिफाफ्यात घाला, एका बाईचे दिवस भरलेत," म्हणून त्या धावत गेल्या. मी चिठ्ठी वाचली. भाषा फार कच्ची होती. थोडी नीट करून स्वच्छ प्रत काढली आणि पाठवली. मूळ कागद पोथीच्या फडक्यात ठेवला आहे.

इतकेच. तुझा घोटा थंडीत अजून दुखतो का?

तुझी ताई

९ मार्च, गुरुवार

चि. धाकटीस,

पाकीट परत आले नाही, म्हणजे ते तुझ्या हाती पडले असे धरून चालते.

कार्यालयाचे उत्तर आले. "वर्तनविषयक तक्रारीची दखल घेऊन संबंधितास समज देण्यात आली आहे. प्रकरण बंद." संबंधित म्हणजे आमचे समन्वयक. वर्ग तेच चालवतात, परीक्षा तेच घेतात, बाराजणींची यादीही तेच करणार. बाया त्यांना सर म्हणतात. मीही त्यांना भला माणूस म्हणत असे. माझ्या चष्म्याची काच तडकली होती, तर त्यांनी स्वखर्चाने नवा चष्मा करून आणला. काल चष्मा हातात देताना म्हणाले, "माई, आता चिठ्ठ्या वाचायला बरं पडेल."

मी चष्मा डोळ्यांना लावून पाहिला.

"कुणीतरी माझ्यावर लिहिलंय म्हणे," ते हसले. "मी जरा ओरडतो, दुसरं काय! बायकांच्या जातीला मोठा आवाज सोसत नाही. तुम्हीच समजवा त्यांना." आणि माझी खुर्ची उचलून सावलीत ठेवून गेले.

धाकटे, मागच्या पत्रात मी लिहिले की भाषा थोडी नीट केली. ते पुरते खरे नव्हे. यादीत नाव घालण्यासाठी या माणसाने काय मागितले आणि तिने नकार दिल्यावर सामानाच्या खोलीत काय केले, ते त्या कागदावर साडेचार ओळींत लिहिले होते. ते शब्द परक्या माणसांपुढे जावेत याची मला लाज वाटली. लिहिणारीचीही लाज वाटली. तिची अब्रू झाकतो आहोत, अशी मी माझी समजूत घातली. आणि स्वच्छ कागदावर, सरळ ओळीत, असे लिहिले:

"समन्वयक महोदयांचे प्रशिक्षणार्थी भगिनींशी वर्तन क्वचित्प्रसंगी मर्यादेस सोडून असते. तरी त्यांस योग्य ती समज द्यावी, ही विनंती."

बाबांनी पाहिले असते, तर शाबासकी दिली असती. एक खोडसुद्धा नव्हती.

मी समज मागितली, त्यांनी समज दिली. कार्यालयाचा दोष तरी काय काढू?

चिठ्ठी कोणाची ते शोधायचे नाही, हा नियम मी मोडलेला नाही. शोधावे लागलेच नाही. ते अक्षर मीच शिकवलेले आहे. ती पानेवाली. पोरीच्या कमरेला सदा लोखंडी पाना खोचलेला असतो, म्हणून सगळ्या तिला तसे म्हणतात. चोविसाव्या वर्षी नवरा गेला. घरात सासू आणि चार वर्षांची लेक. वर्गात सर्वांत हुशार तीच. "हिनं नुसता पाना दाखवला की पंप आपण होऊन पाणी सोडतो," असे बाकीच्या म्हणतात. गेले पाच दिवस ती पाटीवर मान घालून असते. माझ्याकडे पाहत नाही.

येत्या चोवीस तारखेला, शुक्रवारी, एकेकीची तोंडी परीक्षा आहे. ती शेडमध्ये नाही. सामानघरामागे समन्वयकांची राहती खोली आहे, तिथे. अशी सूचना काल लागली.

पोथी मी त्या दिवसापासून उघडलेली नाही. फडके सोडले की तो कागद समोर येतो.

ताई

१४ मार्च, मंगळवार

चि. धाकटीस,

आज ती बोलली. वर्ग सुटला, बाकीच्या गेल्या, ती पाट्या गोळा करीत मागे राहिली.

"माई, पेटीतली चिठ्ठी वर पोचली का हो?"

"पोचली."

"सगळी?"

मी म्हटले, "उत्तर आले आहे. समज दिली."

"ते कळलं. सर हसत हसत वर्गात सांगत होते." तिने पाट्या एकीवर एक रचल्या. त्यांच्या कडा हाताने सारख्या केल्या. "मला वाटलं होतं, वाचून कुणीतरी येईल. निदान विचारायला. सगळं लिहिलं होतं मी. म्हणजे ज्या कुणी लिहिलं तिनं. वाचलं, आणि समज दिली. म्हणजे मोठ्या लोकांना एवढं चालतं, असंच ना माई?"

मी चष्मा पुसत राहिले.

"बरंय," ती म्हणाली. "कळलं ते एक बरं झालं. पुढच्या शुक्रवारी जाऊन यायचं आणि काय. सासू म्हणते, सहा महिने घातलेस, आता एका परीक्षेला कशाला घाबरतेस. तिला काय माहीत परीक्षा कसली."

"जाऊ नकोस," मी म्हटले.

"मग नाव कुठून येणार? तुम्ही घालणार का?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोसले असते. "पाना घेऊन जाईन. जड आहे."

ती गेली. त्या वेळी तिला सांगायला हवे होते की वरच्यांनी तुझे वाचलेलेच नाही, त्यांनी माझे वाचले. एका वाक्याचे काम होते. माझ्या तोंडून ते निघाले नाही. आज संध्याकाळ झाली तरी निघालेले नाही. निघाले तर काय होईल, हे मी पुन्हा पुन्हा मनात मांडून पाहते. नर्सबाई काय म्हणतील, किल्ली काढून घेतील, ज्या बाया मला विचारल्याशिवाय पोराचे नाव ठेवीत नाहीत त्या काय म्हणतील. लाजेपोटी मी किती बारीक हिशेब करते, पाहा.

ज्या सभेत एका स्त्रीने सर्वांदेखत प्रश्न विचारला आणि थोरामोठ्यांनी माना खाली घातल्या, त्या सभेचे आख्यान मी कितीदा सांगितले असेल! सांगताना दर वेळी त्या वृद्धांचा राग येई. त्यांच्यातल्या कोणी तिचा प्रश्नच गोड करून पुढे पोचवला असता, तर त्याला काय म्हणायचे, हे मात्र मला कोणी शिकवले नाही.

हे वाचून तुला जे आठवेल ते मला ठाऊक आहे. त्याविषयी आज लिहिण्याचे बळ नाही.

ताई

२२ मार्च, बुधवार

चि. धाकटीस,

तुझे कार्ड काल मिळाले. अडतीस वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. अजून वेलांटीला तसाच झटका देतेस.

चार ओळी आहेत, म्हणून पाठ झाल्या. "ती बाई म्हणाली तेच मी जन्मभर म्हणत आले. बाबांनी सगळे ऐकले आणि त्यांना ते चालले. एवढे होऊनही त्यांनी मला दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जायला सांगितले. तू निदान तिच्यासाठी ऊठ."

आज दुपारपर्यंत कार्ड हातात धरून बसले होते. मग उठले.

दवाखान्यात गेले आणि नर्सबाईंपुढे मूळ कागद ठेवला. त्या उभ्याउभ्याच वाचू लागल्या आणि वाचता वाचता खाली बसल्या.

"हे कधीचं?"

"त्याच दिवसाचे. हीच मूळ चिठ्ठी."

"मग पाठवलं काय आपण?"

मी सांगितले. त्या माझ्याकडे अशा पाहत राहिल्या, की जणू मी कोणी नवीन रुग्ण आहे आणि दुखणे ध्यानात येत नाही.

"माई, मी ताप लिहिताना अंश-दोन अंश कमी करून लिहिते का? बरं दिसावं म्हणून?" "आणि चूक माझीपण आहे. दोन किल्ल्या कशाला दिल्यात? एकटीवर टाकून पळाले मी. आता परवावर आलंय."

पेटीवर एक फोनचा आकडा रंगवलेला आहे. त्यांनी तो तिथल्या तिथे लावला. मुख्य कार्यालयातल्या तक्रार-अधिकारी बाई बोलल्या. आवाज तरुण होता. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. खोलीतली परीक्षा त्या आजच लेखी आदेशाने थांबवतील, आणि त्याला कोणा तक्रारीचे कारण देणार नाहीत; कुठलीच परीक्षा बंद खोलीत होऊ नये, हा सर्व केंद्रांसाठीचा नियम आहेच, तो पाळला नाही एवढेच म्हणतील. शुक्रवारी त्या स्वतः येतील. मात्र मूळ कागद पुढे न्यायचा की नाही, हे जिने लिहिला तिने ठरवायचे. तिच्या होकाराशिवाय त्या एक पाऊल टाकणार नाहीत.

"तिला तुम्ही ओळखता, आजी?"

"ओळखते."

"मग तिला आधी खरं सांगावं लागेल. बरोबर नर्सबाई असतील. पण सांगायचं तुम्ही."

उद्या सकाळी वर्गानंतर सांगायचे आहे. मी ते वाक्य कागदावर लिहून काढले. वाचले, तर त्यातही "किंचित् फेरफार" असे शब्द आले होते. कागद फाडला.

तुझ्या कार्डाला उत्तर द्यायचे आहे. आधी उद्याचा दिवस जाऊ दे.

ताई

२५ मार्च, शनिवार

चि. धाकटीस,

परवा सकाळी ती शेडमागच्या पंपाशी एकटी काम करीत होती. मी आणि नर्सबाई गेलो. मी म्हटले, "तुझी चिठ्ठी मी पाठवलीच नाही. ती मी बदलली. तू लिहिलेले वर कोणी वाचलेले नाही."

तिने पाना थांबवला नाही. नट पुरता आवळला, हात पुसले आणि विचारले, "कुणीच नाही?"

"कोणीच नाही."

ती पंपाच्या ओट्यावर बसली आणि रडू लागली. मला वाटले, संतापाने रडते आहे. ती म्हणाली, "म्हणजे त्यांना चालत नाही कदाचित. मी पंधरा दिवस धरून चालले, की सगळ्या जगाला चालतं."

मग संताप आला. तो यायलाच हवा होता. "माई, मला लिहायला तुम्ही शिकवलंत. क काढताना बोट धरलंत माझं. आणि मी पहिल्यांदा काही आपल्या मनानं लिहिलं, ते तुम्ही पुसून टाकलंत? घाण वाटलं तुम्हाला? मग माझ्या अंगावर झालं ते मला काय वाटलं असेल!"

नर्सबाई पुढे झाल्या, मी त्यांना थांबवले.

बराच वेळ ती पान्याने ओट्याचे सिमेंट टोकरत राहिली. शेवटी म्हणाली, "पाठवा. पण एका अटीवर. त्या बाई आल्या की तुम्ही वाचायचं. तुमच्या तोंडानं, मोठ्यानं. एक शब्द गाळायचा नाही."

काल अधिकारी बाई आल्या. दवाखान्याच्या आतल्या खोलीत आम्ही चौघी बसलो. दार ओढून घेतले. मी चष्मा लावला, त्याच माणसाने आणून दिलेला. आणि वाचले:

"सर म्हणतो यादीत नाव पाहिजे तर सुट्टीला दुपारी खोलीवर ये. दोनदा म्हणाला. मी नाही म्हटलं तर सामानाच्या खोलीत कोंडलं आणि छातीला हात घातला. तोंड दाबलं. म्हणाला वरडलीस तर काम पण जाईल आणि अब्रू पण. मला पंपाचं काम येतं. मला नाव त्याच्यासाठी पाहिजे."

तिसऱ्या वाक्याशी माझा आवाज बसला. पानेवालीने पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "परत पहिल्यापासून." मी परत पहिल्यापासून वाचले.

समन्वयकांना त्याच दुपारी चौकशी पुरी होईपर्यंत केंद्रावरून दूर केले. त्यांची पेटी गाडीत ठेवली जात असताना ते माझ्यापाशी येऊन म्हणाले, "माई, तुम्हीसुद्धा?" मी त्यांनी दिलेला चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला. हे पत्र जुन्या, तडकलेल्या काचेतून लिहिते आहे. ओळ वाकडी गेली तर समजून घे. संध्याकाळपर्यंत आणखी दोघीजणी नर्सबाईंकडे बोलायला आल्या. यादी आता बाहेरचे परीक्षक करतील, उघड्या शेडमध्ये, पंपाशीच. चौकशीत काय ठरेल ते मला ठाऊक नाही. अधिकारी बाईंनाही ठाऊक नाही, असे त्याच म्हणाल्या. पानेवाली रात्री दाराला आतून खुर्ची लावते, असे तिची सासू सांगत होती. त्या माणसाचे इथे पुष्कळ ओळखीचे आहेत. मलाही कुठे पाऊल वाजले की धडकी भरते.

किल्ली मी परत केली. अधिकारी बाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, "आजी, यापुढे ही पेटी इथे कोणीच उघडणार नाही. बंदच आमच्याकडे येईल." मी विचारले, वर्ग घेऊ का? त्यांनी पानेवालीकडे पाहिले. ती म्हणाली, "अक्षरं शिकवू देत. मजकूर आमचा आम्ही बघू."

आता तुझे कार्ड.

बाबांनी सगळे ऐकले, असे तू लिहिलेस. धाकटे, बाबांनी काहीही ऐकलेले नाही. तू येऊन मला सांगितलेस, आणि "बाबांना तू सांग, माझ्या तोंडून निघणार नाही" असे म्हणून आतल्या खोलीत पडून राहिलीस. मी ओसरीवर गेले. बाबा पोथी वाचीत होते. मी म्हटले, "धाकटीला कॉलेजात करमत नाही." त्यांनी विचारले, "आणि पाय?" मी म्हटले, "पायरीवरून घसरली." म्हणून ते म्हणाले, "वर्षाचा प्रश्न आहे, उद्यापासून जाऊ दे पुन्हा." त्यांनी तुला धाडले ते एवढ्या माहितीवर. तू घर सोडलेस ते त्यांना सगळे ठाऊक आहे असे समजून. शेवटच्या आजारात त्यांनी मला तीनदा विचारले, "धाकटी माझ्यावर कशाने रागावली?" मी तिन्ही वेळा म्हटले, तिचा स्वभावच तसा आहे.

वाणी हेही तप आहे, असे बाबा शिकवीत. मी ते झाकण म्हणून वापरले. आधी त्यांच्यापासून, मग तुझ्यापासून.

क्षमा मागत नाही. ती मागितली की तुला काहीतरी द्यावे लागेल. तू त्या दिवशी जे म्हणालीस ते मात्र खाली लिहिते. अडतीस वर्षांत एक शब्द विसरले नाही, आणि आज एकही बदललेला नाही. बाबा नाहीत. तरी आज सकाळी पोथीचे फडके सोडले, पोथीलाच त्यांच्या जागी मानले, आणि हे मोठ्याने वाचले:

"ताई, प्राचार्यांनी प्रमाणपत्रावर सही पाहिजे तर घरी ये म्हटलं. मला वाटलं त्यांची बायको असेल. कुणी नव्हतं. त्यांनी कडी लावली आणि माझी ओढणी ओढली. मी त्यांच्या हाताला चावले आणि खिडकीतून उडी मारली. माझा पाय मोडलाय बहुतेक. मी पुन्हा तिथे जाणार नाही. बाबांना सांग. सगळं सांग."